पानावरचा हरताळ : संगणकीय पृष्ठाचे वाचकाने केलेले संपादन

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत आज एखादी गोष्ट पार निष्फळ करून टाकणे या अर्थाने रूढ आहे. मुळात तो लेखनिकांच्या व्यवसायातला. कागदी पोथीत चुकीचे अक्षर पडले, की हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप त्या अक्षरावर द्यावयाचा आणि तो वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिहावयाचे, अशी पद्धत होती. (संप या अर्थाचा ‘हरताळ’ हा निराळ्या कुळातला शब्द. ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि त्याला लागलेले कुलूप असा त्याचा अन्वय आहे. दोहोंची गल्लत होऊ नये.) हस्तलिखितांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक असते, की हरताळाखालचे अक्षर नाहीसे झालेले नसते. लेपाचा पापुद्रा उडाला की ते खालून डोकावते, आणि पाठचिकित्सकाला कधीकधी वरच्या शुद्ध अक्षरापेक्षा खालचे अशुद्ध अक्षरच अधिक काही सांगून जाते.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील पानातून नकोसे घटक ब्राउझरला जोडलेल्या रोधकाच्या साहाय्याने लपवणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्या साधनाला व्यवहारात ‘ॲड-ब्लॉकर’ म्हटले जाते, त्याच्याच या एका उपयोगाविषयी येथे विवेचन करावयाचे आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांसमोर हा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे प्रतिपादन असे, की हे लपवणे हरताळ फासण्याच्याच जातीचे आहे. त्यात पुसले काहीच जात नाही, केवळ झाकले जाते. आणि जो वाचक असे झाकतो तो, त्याला जाणीव असो वा नसो, आपल्या पुरता त्या पाठाचा संपादक झालेला असतो. मग संपादकाची बंधनेही त्याच्यावर येऊन पडतात.

आपल्या अभ्यासाची सामग्री आज मोठ्या प्रमाणात अशाच पानांवरून येते. मराठी दैनिकांच्या साहित्यविषयक पुरवण्या, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, ग्रंथालयांची अंकीय भांडारे हे सर्व आपण पडद्यावर वाचतो आणि पुष्कळदा तेथूनच उतरवून घेतो. गेल्या सत्रात एका शोधनिबंधाच्या मसुद्यात एका मराठी पुरवणीतील लेखाचा दीर्घ उतारा होता. त्याच्या ऐन मध्यावर, एका हळव्या आठवणीच्या दोन परिच्छेदांच्या दरम्यान, पावसाळ्यात केस गळू नयेत म्हणून काय करावे यासंबंधीचे एक वाक्य आले होते. मूळ पानावर ते ‘हेही वाचा’ या शीर्षकाखालचा दुवा होते. उतरवून घेताना शीर्षक गळले आणि वाक्य मजकुरात मिसळले. विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी नव्हती. हा लेखकाच्या तिरकस शैलीचा नमुना असावा असे समजून त्याने त्यावर दोन ओळींचे भाष्यही केले होते. हसून सोडून देण्यासारखा हा प्रकार नाही. पाठचिकित्सेत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो, तो येथे शतकानुशतकांच्या नकलांतून नव्हे, तर काही क्षणांत घडलेला आहे. भाषेच्या अभ्यासासाठी यंत्राद्वारे गोळा केल्या जाणाऱ्या मजकुराच्या साठ्यांत तर अशा प्रक्षेपांकडे पाहणारा डोळाही नसतो.

तेव्हा नकोसे घटक बाजूला सारून वाचणे ही केवळ डोळ्यांच्या सुखाची बाब नाही. लेखकाचा मजकूर कोणता आणि प्रकाशकाच्या यंत्रणेने त्यात काय पेरले, हा विवेक त्यात अंतर्भूत आहे. जेरार जेनेट या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली ग्रंथाच्या ‘उंबरठ्यां’विषयी, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ, टीपा अशा परिसराविषयी जे विवेचन केले, त्यातील परिसर मजकुराची सेवा करणारा होता. पडद्यावरील पानाचा परिसर पुष्कळदा मजकुराशी स्पर्धा करतो, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

पानाच्या रूपात वाचकाला हात घालू द्यावा, ही कल्पना रोधकांहून जुनी आहे. जागतिक जालावरील पानांची मांडणी ज्या शैलीपत्रकांच्या आधारे होते, त्यांचा प्रस्ताव होकोन व्हिउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ च्या ऑक्टोबरात मांडला. त्यात लेखकाची पसंती आणि वाचकाची पसंती यांचे मिश्रण व्हावे, कोणाचा प्रभाव किती हे टक्केवारीने सांगता यावे, अशी योजना होती. टक्केवारी पुढे गळाली. परंतु १९९६ च्या डिसेंबरात जेव्हा या पद्धतीचे पहिले अधिकृत प्रमाण निघाले, तेव्हा लेखक आणि वाचक असे दोन्ही अधिकार त्यात कायम होते. दोघांनीही आपला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून घोषित केला तर कोणाचे चालावे? पहिल्या प्रमाणाने उत्तर दिले : लेखकाचे. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणाने ते उलटे केले. शेवटचा शब्द वाचकाचा ठरवला, आणि हा बदल मुद्दाम केलेला आहे अशी नोंदही त्या दस्तऐवजात ठेवली. लेखक आणि वाचक यांच्या अधिकाराविषयी साहित्यसिद्धांतात जी दीर्घ चर्चा झाली तिच्याशी या तंत्रज्ञांचा काही परिचय असेल असे दिसत नाही. तरीही एका तांत्रिक प्रमाणात हा प्रश्न एका वाक्यात निकालात निघावा, हे मला विलक्षण वाटते.

आजचे रोधक नेमक्या याच तरतुदीवर उभे आहेत. वाचकाचा ‘महत्त्वाचा’ नियम म्हणून ते पानात एवढेच सांगतात, की अमुक घटक दाखवू नये. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. हेन्रिक ओस्टेड सोरेनसेन या डॅनिश विद्यार्थ्याने २००२ मध्ये ‘ॲडब्लॉक’ रचले. २००६ मध्ये व्लादिमिर पालांट यांचे ‘ॲडब्लॉक प्लस’ आले. त्याच सुमारास रिक पेटनेल यांनी सुरू केलेली ‘ईझीलिस्ट’ ही सामायिक नियमांची यादी प्रचारात आली. ती स्वयंसेवकांच्या हातून अद्यापि चालू आहे. भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची स्वतंत्र यादी आहे. २०१४ मध्ये रेमंड हिल यांनी ‘यूब्लॉक’ प्रसिद्ध केले आणि पुढील वर्षी ‘यूब्लॉक ओरिजिन’ या नावाने ते स्वतंत्रपणे पुढे नेले. यापुढील विवेचन या शेवटच्या साधनाला धरून केले आहे, कारण ते विनामूल्य आहे, त्याची संहिता खुली आहे, आणि त्यात वाचकाला आपले नियम स्वतः वाचता येतात व लिहिता येतात.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. रोधक दोन भिन्न कामे करतो आणि लोक दोहोंना एकच नाव देतात. पहिले काम अडवण्याचे. पान उघडताना ब्राउझर अनेक ठिकाणांहून चित्रे, जाहिराती, पाळत ठेवणाऱ्या संहिता मागवत असतो. यांपैकी काही मागण्या रोधक बाहेरच पडू देत नाही, म्हणून ती वस्तू आपल्या यंत्रात येतच नाही. दुसरे काम लपवण्याचे. घटक आलेला असतो, पानाच्या रचनेत त्याचे स्थान असते, केवळ त्याला दृश्यरूप मिळत नाही. लपवलेल्या पट्टीबरोबर एखादी पाळतीची संहिता आली असेल, तर ती आपले काम करतच राहते. ‘मला दिसत नाही, अर्थी ते नाही’ असा समज करून घेणाऱ्याची येथे फसगत होते. फायरफॉक्स या ब्राउझरात तिसराही एक मार्ग आहे. पान मांडले जाण्याच्या आधीच त्याच्या मूळ संहितेतून घटक काढून घेता येतो. खिळे जुळवून छापण्याच्या काळातील उपमा द्यावयाची तर अडवणे म्हणजे हस्तलिखित छापखान्यात पोहोचूच न देणे, तिसरा मार्ग म्हणजे जुळवलेल्या ओळीतून खिळे उचलून घेणे, आणि लपवणे म्हणजे छापून झालेल्या पानावर हरताळ.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. नकोशा घटकावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि निघालेल्या यादीतून ‘ब्लॉक एलिमेंट’ निवडावे. पान किंचित काळवंडते. माउस जेथे जाईल तेथला भाग रंगाने उठून दिसतो. हव्या त्या भागावर दाबले की कोपऱ्यात एक चौकट उघडते आणि तीत यंत्राने सुचवलेला नियम दिसतो. तेथील पट्टी सरकवून निवड अधिक व्यापक किंवा अधिक नेमकी करता येते. ‘प्रिव्ह्यू’ दाबल्यास परिणाम आधी पाहता येतो. हे पाहणे कधीही टाळू नये, कारण बाजूची पट्टी घालवताना लेखाचा अर्धा मजकूर गेल्याचे येथेच ध्यानात येते. समाधान झाल्यावर ‘क्रिएट’ दाबावे. तो नियम ‘माय फिल्टर्स’ या आपल्या खाजगी यादीत जातो आणि पुढल्या प्रत्येक भेटीत लागू होतो. केवळ या वाचनापुरता अडथळा दूर करावयाचा असेल तर विजेच्या चिन्हाचे बटण आहे. त्याने घटक जातो आणि पान पुन्हा उघडले की परत येतो. ज्या पानावर पुन्हा जायचे नाही त्यासाठी कायमचे नियम करीत बसू नये असे मी सुचवीन. निष्कारण वाढलेली यादी पुढे कोणालाच कळत नाही, तिच्या कर्त्यालाही नाही.

आता नियमाच्या रूपाकडे वळू. यंत्राच्या दृष्टीने पान हा उलटा वृक्ष आहे. मूळ वर आणि फांद्या खाली. प्रत्येक फांदीला एक प्रकार असतो, बहुधा एक वर्गनाम असते, आणि क्वचित केवळ तिचीच अशी एक ओळख असते. नियम म्हणजे त्या फांदीचा पत्ता. उदाहरणार्थ :

अमुकदैनिक.इन##.संबंधित-बातम्या

(प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत असतात, येथे समजुतीसाठी नागरीत दिली आहेत.) दुहेरी ## चिन्हाच्या डावीकडे संकेतस्थळ आणि उजवीकडे घटकाचा पत्ता. आरंभीचा बिंदू वर्गनाम सुचवतो. डावी बाजू रिकामी ठेवली तर नियम जगातील प्रत्येक पानाला लागू होतो, आणि अभ्यासकाने सर्वांत अधिक भ्यायला हवे ते या रिकाम्या जागेला. समजा, एखाद्या ठिकाणच्या सतावणाऱ्या सूचनेचे वर्गनाम ‘टीप’ असे होते आणि वाचकाने डावी बाजू रिकामी ठेवून त्या नावावर नियम केला. पुढे तोच वाचक एखाद्या संतकाव्याच्या अंकीय आवृत्तीवर गेला आणि तिच्या संपादकाने तळटीपांना हेच नाव दिलेले असले, तर पाठभेदांच्या सर्व टीपा त्याच्यापुरत्या नाहीशा होतील. कोठेही पोकळी दिसणार नाही, कोठेही सूचना येणार नाही. आवृत्तीत पाठभेद दिलेलेच नाहीत असा निष्कर्ष तो प्रामाणिकपणे लिहून मोकळा होईल.

पत्ता नावाने देण्याऐवजी मजकुराने देण्याचीही सोय आहे. ज्या घटकात अमुक शब्द असेल तो लपवावा, असा नियम करता येतो. वर्गनामे यंत्राने वारंवार बदलली जातात अशा ठिकाणी हाच मार्ग टिकाऊ ठरतो, आणि नियमात देवनागरी शब्द तसाच लिहिता येतो ही आपल्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. परंतु येथे भारतीय लिप्यांची एक अडचण उभी राहते, जिच्याकडे इंग्रजीतील मार्गदर्शिका ढुंकूनही पाहत नाहीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसला तरी यंत्रात तो दोन प्रकारांनी असू शकतो. काही लिहिणारे अर्ध्या र-साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर हलन्त करून वापरतात. काही साधा ‘र’ हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, आणि तेव्हा यंत्रातले लेखन ‘दुसर्‍या’ असे असते. डोळ्याला दोहोंत काही अंतर दिसत नाही. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲप’चेही तसेच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळवून आले. तत्पूर्वी ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र अशी जुळणी करून ‘अ‍ॅ’ लिहीत, आणि अनेक ठिकाणी अजूनही लिहितात. ‘ॲप डाउनलोड करा’ ही पट्टी लपवण्याचा नियम एका दैनिकावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. नियमात दोन्ही लेखने पर्याय म्हणून द्यावी लागतात. ज्या जुन्या संकेतस्थळांवर युनिकोडपूर्व फाँट आहेत, तेथे तर देवनागरी दिसणाऱ्या अक्षरांच्या पोटात रोमन अक्षरेच असतात. तेथे मजकुराचा नियम लंगडा पडतो आणि वर्गनामाकडेच परत यावे लागते. बंगाली, मलयाळम या लिप्यांच्या अभ्यासकांनी आपापल्या लिपीतील अशा जोड्यांची टिपणे केली, तर ती केवळ रोधकासाठीच नव्हे, कोणत्याही शोधासाठी उपयोगी पडतील.

जाहिरातदारांनाही अक्षरांचा हा खेळ अवगत आहे. फेसबुकने २०१६ च्या ऑगस्टमध्ये रोधकांना बगल देण्याचे धोरण उघडपणे जाहीर केले. पुढे ‘प्रायोजित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तेथे अशा रीतीने लिहिला जाऊ लागला, की त्याची अक्षरे सुटी करून प्रत्येक वेगळ्या घटकात ठेवलेली असत आणि त्यांच्यामध्ये अदृश्य अशी भलतीच अक्षरे पेरलेली असत. माणसाला शब्द वाचता येई. यंत्राला तो सापडत नसे. कूटलेखनाच्या इतिहासात या प्रकाराला एखादे छोटे प्रकरण मिळावयास हरकत नाही.

संपादकाच्या बंधनांचा उल्लेख मी आरंभी केला. त्यांचा नमुना शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, आणि वि. सी. सुखठणकर यांनी १९२५ पासून त्याला जी शिस्त लावली, तिच्या बळावर ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. मूळ पाठात न बसणारे असंख्य श्लोक या संपादकांनी वगळले. पण वगळले म्हणजे काय केले? लहान भाग तारांकित करून पानाच्या तळाशी ठेवले, मोठे भाग परिशिष्टात नेले, आणि कोणत्या हस्तलिखितात काय आहे हे प्रत्येक ठिकाणी नोंदवले. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची सर्वश्रुत कथा आदिपर्वाच्या मुख्य पाठात नाही. परिशिष्टात मात्र ती आहे आणि ज्याला हवी त्याने ती तेथे वाचावी. संपादकाचा निर्णय न पटणाऱ्याला तो तपासण्याची सामग्री त्याच ग्रंथात मिळते.

रोधकाच्या यादीत हे सर्व करण्याची सोय आहे, फक्त कोणी ती वापरत नाही. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसासाठी टीप असते. प्रत्येक नियमाच्या वर अशी एक ओळ लिहावी. काय लपवले, का, कोणत्या दिवशी. ## ऐवजी #@# लिहिल्यास तो अपवादाचा नियम होतो, म्हणजे सामायिक यादीने झाकलेला घटक आपल्यापुरता उघडा करता येतो. दुसऱ्याच्या संपादनाशी असहमती नोंदवण्याचे हे चिन्ह आहे म्हणाना. संपूर्ण यादी निर्यात करून साध्या मजकुराच्या रूपात जतन करता येते. पडद्यावरून गोळा केलेल्या मजकुरावर ज्या प्रबंधाचा डोलारा उभा आहे, त्याला ही यादी परिशिष्ट म्हणून जोडावी अशी माझी सूचना आहे. आपण कोणत्या प्रती पाहिल्या हे सांगणे ज्याप्रमाणे आवश्यक, त्याप्रमाणे कोणत्या डोळ्यांनी पाहिल्या हेही.

आणि अवतरण घेण्यापूर्वी हरताळ एकदा काढून पाहावा. यूब्लॉक ओरिजिनच्या चौकटीत डोळ्याच्या चिन्हाचे एक बटण आहे. ते दाबले की त्या संकेतस्थळापुरते सर्व लपवणे थांबते. अडवणे मात्र चालू राहते. पान पुन्हा उघडावे, उतारा ताडून पाहावा, आणि पानाची प्रत जतन करावयाची असेल तर ती रोधक पूर्ण बंद ठेवूनच करावी. याचे कारण आपल्याच ग्रंथालयांत सापडते. नियतकालिकांचे अंक बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. त्या काळी तो केरच वाटला असणार. आज प्रकाशनव्यवहाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पुस्तकांच्या किमती, वर्गणीचे दर, औषधी तेलांच्या आणि नाटक मंडळ्यांच्या जाहिराती हवे असतात, आणि खंड उघडला की अंक थेट अनुक्रमणिकेपासून सुरू होतो. स्वतःच्या वाचनासाठी झाकणे आणि पुढच्यासाठी ठेवावयाच्या प्रतीतून कापणे ही एकच गोष्ट नव्हे.

ब्राउझरांत असलेले ‘वाचनदृश्य’ या सर्व खटाटोपाला पर्याय होईल काय, असे विचारले जाते. सफारी या ब्राउझरात ते २०१० पासून आहे. कथा-लेखांसाठी ते सुखावह आहे हे मान्य. परंतु तेथे मुख्य मजकूर कोणता हे यंत्र ठरवते आणि उरलेले सर्व एकदम टाकते. गद्यात हे बहुधा जमते. कवितेच्या ओळी, दुपदरी भाषांतर, मजकुराबाहेर मांडलेल्या टीपा यांच्या बाबतीत त्या निर्णयावर विसंबता येत नाही. २०२४ मध्ये त्याच ब्राउझरात लक्ष विचलित करणारे घटक एकेक करून लपवण्याची सोय आली. ती विवेकाला अधिक धरून आहे, मात्र नियम लिहिण्याची आणि टीप ठेवण्याची जागा तीत नाही.

वाचकाचा हा अधिकार निर्विवाद आहे असे मात्र समजू नये. जर्मनीतील आक्सेल श्प्रिंगर या वृत्तपत्रसमूहाने ॲडब्लॉक प्लसच्या कंपनीविरुद्ध अनेक वर्षे दावे चालवले. रोधक ही अनुचित स्पर्धा नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. त्यानंतर दाव्याचा रोख प्रताधिकाराकडे वळला. पानाची संहिता ही संगणकीय आज्ञावली आहे, आणि वाचकाच्या यंत्रात पान मांडले जात असताना तिच्या रचनेत केलेला फेरफार हे अनधिकृत रूपांतर आहे, असा युक्तिवाद झाला. हांबुर्कच्या न्यायालयांनी २०२२ व २०२३ मध्ये तो फेटाळला. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मात्र, या मुद्द्याची पुरेशी तपासणी झालेली नाही असे म्हणून प्रकरण खाली परत पाठवले. तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक येथे थबकल्याशिवाय राहत नाही. रूपांतर म्हणजे काय, कृती कोठे संपते आणि तिचे वाचन कोठे सुरू होते, हे आपल्या चर्चासत्रांतले प्रश्न तेथे वादी-प्रतिवादींच्या तोंडी आहेत. माझ्या मते छापील पुस्तकावर रेघा ओढणाऱ्या, नको ते प्रकरण टाचून ठेवणाऱ्या वाचकाला जी मोकळीक आपण निःशंकपणे देतो, तीच येथेही दिली पाहिजे, कारण बदल झाला आहे तो त्याच्या प्रतीत. आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५७ कृतीच्या विद्रूपीकरणापासून लेखकाला संरक्षण देते, परंतु कृती न दाखवणे किंवा लेखकाच्या समाधानाप्रमाणे न दाखवणे याला त्या अधिकाराचा भंग मानू नये, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. ती तरतूद पडद्यावरील वाचकाला समोर ठेवून केलेली नाही हे खरे, तरी तिचा रोख विचारात घेण्याजोगा आहे.

न्यायालयांपेक्षा ब्राउझर बनवणाऱ्यांचा निर्णय अधिक परिणामकारक ठरला. गूगलने क्रोममधील जोडसाधनांचे नियम बदलले आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने, २०२५ पर्यंत, यूब्लॉक ओरिजिन तेथे चालेनासे झाले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते, पण तिची शक्ती कमी आहे. फायरफॉक्सवर, त्याच्या अँड्रॉइड मोबाइलवरील आवृत्तीसह, मूळ साधन पूर्ववत् चालते. आपले बहुसंख्य विद्यार्थी मोबाइलवरच वाचतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

एक आक्षेप उरतो आणि तो मला गंभीर वाटतो. मराठीतील, आणि अन्य भारतीय भाषांतीलही, छोट्या वाङ्मयीन नियतकालिकांची संकेतस्थळे ज्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालतात, त्यात जाहिरातीचा वाटा असतो. मोठ्या दैनिकाच्या पानावरील उघडझाप करणाऱ्या पडद्यांविरुद्ध योजलेले हत्यार या बापड्यांवरही तसेच चालते. सामायिक यादी दोघांत भेद करीत नाही. वर्गणी भरता येत असेल तर ती भरावी, हे उत्तम. ते शक्य नसेल तेथे साधनाच्या चौकटीतील मोठे बटण एकदा दाबावे. त्या संकेतस्थळाचे नाव ‘ट्रस्टेड साइट्स’च्या यादीत जाते आणि रोधक तेथे संपूर्ण बाजूला होतो. एखादी पट्टी फारच आडवी येत असेल तर काट्याचे चिन्ह दाबून ती हातानेच बंद करावी.